पिन न बसवलेला जोड

कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की माझी नजर आधी भिंतींवर जाते. माणसं म्हणतात, बसा, पाणी घ्या. मी बसतो, पाणीही घेतो, पण डोळे भिंतीवरून फिरत असतात. ह्या कोपऱ्यात पाईप असणार, खिडकीच्या वरून तो वळला असणार, त्या बोर्डामागं डबी असणार. तीस वर्षं शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मी केबल टीव्हीच्या तारा ओढल्या. घरांचे रंग बदलले, फरशा बदलल्या, कर्ती माणसं बदलली. आतली तार मात्र जिथं ठेवली तिथंच आहे.

दुपारी जेवण झाल्यावर जरा डोळा लागला की मला घरं दिसतात, पण भिंतींशिवाय. नुसत्या काळ्या तारा, हवेत तरंगणाऱ्या. कुठं सरळ वर गेलेल्या, कुठं काटकोनात वळलेल्या, कुठं उगाच दोन वेढे घालून ठेवलेल्या, पुढं लागल्या तर असाव्यात म्हणून. त्या वेढ्यांवरून मी घर ओळखतो. हे वाण्याचं, हे मास्तरांचं, हे पाटसच्या कारखान्यातल्या फिटरचं. बायको म्हणते, झोपेत तुमची बोटं हलतात.

आमचं मूळ गाव केंदूर. आज्यानं मेंढरं राखली, वडलांनी शेती केली, मी तारा ओढल्या. आजा म्हणायचा, वाट डोळ्यांनी ध्यानात राहत न्हाई, पायांनी राहती. माझ्या पायांच्या ध्यानात शिड्या राहिल्या आहेत.

मग घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या आणि आमची गिऱ्हाइकं निम्मी झाली. उरलेली मोबाईलनं नेली. लोक म्हणायचे, "मामा, तुमची वायर काढून न्या की." मी म्हणायचो, "काढतो, पण प्लास्टर फोडावं लागंल." लगेच उत्तर यायचं, "मग असू द्या." अशा असू दिलेल्या तारा दोन तालुक्यांच्या भिंतींत झोपून आहेत. मला वाटायचं, माझ्याबरोबर त्यांचंही काम संपलं.

त्या तारांना जाग येते हे मला शिरूरच्या एका आप्पांनी दाखवलं. आप्पा कारखान्यात मशीनवर होते, निवृत्त झालेले. घर चांगलं तीन मजली, पण इंटरनेट खालच्या हॉलमध्ये आणि आप्पांची खोली तिसऱ्या मजल्यावर. वायफाय म्हणजे शेवटी हवेतून जाणाऱ्या लहरी. दोन स्लॅब आणि चार भिंती ओलांडता ओलांडता त्यांचा दम जायचा. परदेशातल्या मुलानं त्यांना दोन छोट्या पेट्या पाठवल्या होत्या. आप्पांनी मला बोलावलं.

"ही पेटी खाली राउटरला जोडायची, ही वर माझ्या खोलीत. आन् मधी तुझी केबलची वायर."

"आप्पा, ह्या तारंतनं पिच्चर जायचं. इंटरनेट कसं जाईल?"

"पाटातनं पाणीच जातं ना? मग ते उसाला जाऊ दे, न्हाईतर कांद्याला. पाटाला काय त्याचं?"

मी दोन्ही टोकांना नव्या पिना, म्हणजे पेटीवर फिरवून बसवायची ती पितळी टोकं, बसवल्या. वरच्या पेटीवर एक हिरवा दिवा लागला. मिटमिट नाही, लुकलुक नाही, शांत लागून राहिला. पंधरा वर्षांपूर्वी मीच त्या पाईपात ओढलेली तार होती ती. मी तिथं आप्पांच्या पलंगावर बसलो आणि बराच वेळ त्या दिव्याकडं बघत राहिलो.

न जाणणाऱ्यांसाठी सांगतो. ती काळी तार दिसते साधी, पण तिच्या पोटात बरंच काही आहे. मधोमध तांब्याची एक सरळ दांडी, तिच्यावर पांढरा फेसाळ थर, त्यावर चंदेरी कागद, मग बारीक तारांची विणलेली जाळी आणि सगळ्यांवर काळं आवरण. निरोप नेते ती मधली दांडी. जाळीचं काम बाहेरचा गोंगाट आत येऊ न देणं. म्हणून तर ती तार वीस-पंचवीस वर्षांनीसुद्धा कामाला येते. मात्र दोन पथ्यं पाळावी लागतात. डिशच्या छत्रीचं आणि ह्या पेट्यांचं एका तारेवर जमत नाही. आणि मधे कुठं जुना गंजका फाटा असेल, म्हणजे एका तारेच्या दोन करणारी ती लोखंडी डबी, तर ती आधी शोधून काढावी लागते.

ह्या पद्धतीला मोका म्हणतात. शिक्रापूरला एका मालकाच्या तीन मजली इमारतीत कारखान्यांतले कामगार भाड्यानं राहतात. त्याला मी फोनवर म्हणालो, "तुमच्या बिल्डिंगला मोका लावू." पलीकडून हळूच आवाज आला, "मामा, मोक्का? आवो, मी असं काय केलंय?" समजावून सांगेपर्यंत त्याला घाम फुटला होता. तिथलं काम झाल्यावर बिहारकडचा एक वेल्डर जिन्यात मला थांबवून म्हणाला, "मामा, पहले बेटी का चेहरा अटक जाता था. अब हँसती है तो पूरा हँसती है." एवढं मला पुरेसं होतं. पण मला सांगायची आहे ती दौंडची गोष्ट.

दौंडला स्टेशनच्या मागच्या बाजूला साळवे बाबांचं घर आहे. बाबा रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलणारे. कुठल्याशा पाडलेल्या गोदामाचा काळा दगड लिलावात घेऊन त्यांनी घर बांधलं. भिंती दीड-दोन फूट जाड. पंचवीस वर्षांपूर्वी मी तिथं केबल जोडायला गेलो, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा मिलिंद चौदा-पंधरा वर्षांचा होता आणि धाकटी प्रज्ञा दहाची. मिलिंदला जन्मापासून ऐकू येत नाही. तो टीव्हीसमोर मांडी घालून आधीच बसला होता, चित्र यायच्या आधी. आणि मी, तरुण, चुणचुणीत, तोंडाला कुलूप नसलेला, बोलून गेलो, "बाबा, पोराला ऐकाया येत न्हाई, मग येवढा खर्च कशापायी?"

साळवे बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "बघाया येतं ना त्याला. तुमच्या-माझ्यापेक्षा जास्ती दिसतं त्याला."

पुढं वरची खोली बांधली तेव्हाही त्यांनी मलाच बोलावलं. प्लास्टरच्या आधी पाईप टाकून घेतला, त्यातून तार वर नेली. "असू द्या, पुढं कवा लागंल," म्हणाले. असं म्हणणारी माणसं कमी.

गेल्या वर्षी थंडी संपता संपता फोन आला. "मामा, मी साळव्यांची प्रज्ञा. बाबा गेले चार वर्षांपूर्वी. त्यांच्या वहीत तुमचा नंबर होता. पुढं लिहिलंय, केबलवाले, चांगला माणूस."

मी दुसऱ्याच दिवशी पिशवीत मोकाच्या दोन पेट्या टाकून शिरूरहून एसटीनं गेलो.

पुढच्या खोलीत मिलिंदचं शिलाईचं दुकान झालं होतं. दोन मशीन, भिंतीला टांगलेल्या विजारी, गिऱ्हाइकांसाठी एक बाक. चाळिशीचा मिलिंद मापाची टेप गळ्यात घालून उभा होता. त्यानं मला ओळखलं. दोन बोटांनी हवेत एक तार ओढून दाखवली आणि हसला. मी उगाच मान खाली घातली.

प्रज्ञा मला वर घेऊन गेली. खोलीत मागच्या भिंतीला गडद निळं कापड ताणून लावलेलं, समोर मोठा स्क्रीन, दोन दिवे. "इथं मी काम करते," ती म्हणाली. "मूकबधिर माणसांची दुभाषी आहे मी, व्हिडिओवरून. कुणी दवाखान्यात अडकलं, बँकेत, पोलीस चौकीत, तर तिथून कॉल येतो. समोरचा बोलतो ते मी हातांनी सांगते. ती व्यक्ती हातांनी सांगते ते मी बोलते."

"मिलिंदमुळं शिकलीस?"

"मिलिंदबरोबर वाढले, मामा. शिकले नंतर." मग स्क्रीनकडं बघत म्हणाली, "वायफाय इथं पोहोचतंय न पोहोचल्यासारखं. चित्र मधेच थिजतं. तुमचं-माझं बोलणं तुटलं तर आपण पुन्हा विचारतो. पण खुणांच्या भाषेत 'नाही' बहुतेक वेळा शेवटी येतं. 'ही गोळी घेऊ नको' यातलं 'नको' येण्याआधी हात थिजले, तर समोरच्यानं काय समजायचं?"

मी विचारलं, खाली राउटरपाशी का बसत नाही. तर खाली दिवसभर गिऱ्हाइकं. लोकांची दुखणी, लोकांची भांडणं ह्या कॉलवर निघतात, ती परक्याच्या कानी पडून कशी चालतील? नवी तार आणावी तर दगडातून भोक पडेना. बाहेरून न्यावी तर मागची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली. जिन्यातून उघडी टाकली होती, ती उंदरांनी महिन्यात कुरतडली.

"बाबांनी पाईप टाकून घेतला व्हता," मी म्हणालो.

"म्हणून तर तुम्हाला फोन केला."

मी हत्यारं काढत होतो. प्रज्ञा दाराशी उभी राहून बघत होती. एकाएकी म्हणाली, "मामा, पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्ही बाबांना काही विचारलं होतं. आठवतंय?"

माझ्या हातातली पक्कड तशीच राहिली. "आठवतंय पोरी. न आठवून कसं चालंल?"

"मिलिंदनं मला विचारलं होतं, हे काय म्हणाले? मी हातांनी सांगितलं, मामा म्हणतात तुझा टीव्ही फार छान दिसणार आहे." ती हसली. "मी केलेलं पहिलं भाषांतर. आणि ते खोटं. आता असं केलं तर काम जाईल माझं."

तिच्या बोलण्यात टोचणं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. पंचवीस वर्षं दहा वर्षांच्या एका पोरीनं माझं तोंड सांभाळलं होतं आणि मला पत्ताही नव्हता.

एक पेटी खाली राउटरला, दुसरी वरच्या खोलीत जोडून झाली. जिन्याच्या वर एक अरुंद माळा आहे. खालून आलेली तार तिथं बाहेर निघते आणि पुन्हा भिंतीत शिरून प्रज्ञाच्या खोलीत जाते. मधे मीच लावलेला फाटा होता; हातात घेतला तर गंजाचा चुरा झाला. मी तो काढून टाकला. दोन्ही बाजूंच्या तारा काळ्या पडल्या होत्या. चांगलं तांबं लागेपर्यंत कापत गेलो, आणि मग लक्षात आलं की तार तोकडी झाली. दोन टोकं जेमतेम एकमेकांना टेकत होती. त्या वेळी वेढे ठेवायचं कसं काय राहिलं होतं, देव जाणे.

खालच्या टोकाला मी पिन बसवली आणि तिच्यावर जोडाची छोटी पितळी नळी फिरवली. दुसऱ्या टोकाला पिन बसवायच्या आधी म्हटलं, बघू तरी आतली तार जिवंत आहे का. म्हणून ते उघडं टोक नुसतंच नळीत सरकवलं, जाळी बोटांनी नळीवर दाबून धरली आणि हाक मारली, "दिवा लागला का गं?"

"लागला!" आतून आवाज आला. "हिरवा!"

त्याच क्षणी तिचा मोबाईल वाजला. मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "आत्ता? माझी ड्युटी पाचला... कुणीच मोकळं नाही? किती महिने? बरं. दे मला." मग मोठ्यानं, "मामा, तारेवर आलंय ना नेट? इमर्जन्सी आहे, कॉल घेते मी."

"आलंय, पण..."

दार बंद झालं. माझं 'पण' जिन्यातच राहिलं.

मी शिडीवर, डोकं माळ्यात, उजव्या हाताच्या तीन बोटांत तो जोड. पिन बसवायची तर टोक बाहेर काढावं लागणार. तार तुटणार, पेट्या पुन्हा एकमेकींना शोधणार, त्यात दोन-चार मिनिटं जाणार. बंद दाराच्या वर हवेसाठी ठेवलेली काचेची झडप उघडी होती. तिच्यातून प्रज्ञाचा आवाज स्पष्ट येत होता. समोरच्यांचं तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये, त्यामुळं ते मला ऐकू येत नव्हतं.

मग ती म्हणाली, "माझं पोट दुखत नाही. सासूबाईंना कळलेलं नाही. माझं बाळ सकाळपासून हललेलं नाही."

शिडीवरून उतरायला एक पाय खाली गेलासुद्धा. पोरीला काय झालं? मग उमगलं. ती 'मी' म्हणत होती ती दुसरीच कुणीतरी. कुठल्याशा गावात पलंगावर पडलेली बाई हातांनी सांगत होती आणि तिचा आवाज इथं दौंडला, काळ्या दगडाच्या खोलीत फुटत होता.

ती बाई कोण, गाव कोणतं, मला आजही माहीत नाही. हे लिहू का म्हणून मी प्रज्ञाला विचारलं. तिनं दोन दिवस विचार केला, आणखी कुणाला तरी विचारलं, आणि म्हणाली, लिहा, पण तिची ओळख पटेल असं काही नको. ते पाळलं आहे.

"दुभाषी बोलतेय, डॉक्टर," प्रज्ञाचा आवाज आता तिचा स्वतःचा झाला होता. "तुम्ही सासूबाईंना विचारू नका, तिला विचारा. आणि तोंडावर मास्क आहे, तिला तुमचा चेहरा दिसत नाही. मला तिच्या समोर धरा."

तिचे हात बोलत असणार. मग, "ऑपरेशन करा. सही मी स्वतः करते. पण आधी मला वाचू द्या."

माझा हात भरून यायला लागला होता. तीन बोटं, त्यात घाम, गुडघे दुखतायत. तेवढ्यात मालगाडी आली. दौंडला गाड्यांचं नवल नाही, पण ती लांबलचक मालगाडी गेली तसं जुनं घर बारीक थरथरलं, आणि माझ्या बोटांतली जाळी केसभर सरकली.

"दुभाषी बोलतेय, थांबा! चित्र थांबलंय. डॉक्टर, सुई थांबवा."

मी श्वास रोखून जाळी पुन्हा दाबली. एक, दोन, तीन... तिथं माळ्यावर मी ज्यांना ज्यांना मानतो त्या सगळ्यांची नावं घेतली.

"आलं. आता दिसतंय. ती म्हणतेय... नाही, मी म्हणतेय, मी तयार आहे. पाठ वाकवून बसते. हलणार नाही. पण सुई टोचायच्या आधी मला सांगा, मला मागचं काही दिसत नाही."

तेव्हाच मिलिंद चहा घेऊन जिन्यानं वर आला. मला त्या अवघडलेल्या अवस्थेत बघून त्यानं हातानं खुणावलं, खाली या, चहा. मी मान हलवली. त्याला कसं सांगावं कळेना. मोकळ्या डाव्या हातानं मी जोड दाखवला, मग दार दाखवलं, मग माझी बोटं सुटल्याचं सोंग करून हात आडवा फिरवला. संपलं सगळं, असा.

त्यानं कप पायरीवर ठेवला. बाजूचं स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि झडपेतून आत डोकावला. आपल्या बहिणीचे हात बघताना त्याचा चेहरा बदलत गेला. डॉक्टर जे बोलत होते ते तिच्या हातांतून त्याला कळत होतं. ती बाई जे बोलत होती ते प्रज्ञाच्या आवाजातून मला कळत होतं. एकाच बोलण्याचा अर्धा भाग त्याच्याकडं, अर्धा माझ्याकडं, आणि आम्ही दोघं त्या अरुंद जागेत खांद्याला खांदा लावून उभे.

मग तो उतरला, धावत खाली गेला आणि जाड दोऱ्याचं रीळ घेऊन आला. विजारीची बटणं शिवायचा मेण लावलेला दोरा. पुन्हा स्टुलावर चढला. माझी बोटं होती तशीच ठेवून, त्यांच्या मधल्या फटीतून त्यानं दोरा ओवला. एक वेढा. दुसरा. जोड जरासुद्धा हलला नाही. शिंप्याचा हात तो. मी तीस वर्षांत इतक्या हळुवार हातानं तारेला कधी स्पर्श केला नव्हता. दहा-बारा वेढे झाल्यावर त्यानं गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि माझ्या बोटावर टिचकी मारली. सोड.

मी एकेक बोट सोडलं. जोड टिकला.

तरी दोघांपैकी कुणी खाली उतरलं नाही. उन्हं कलली होती. वरच्या कौलातल्या काचेतून एक पिवळा पट्टा येऊन माळ्यावर पडला होता आणि त्यात धूळ सावकाश वर-खाली होत होती. लांब स्टेशनवर कसलीशी घोषणा चालली होती, शब्द न कळणारी. प्रज्ञाचा आवाज मधून मधून यायचा, झोपेतून आल्यासारखा. "पाय जड झाले... आता पाय आहेत का नाहीत कळत नाही... समोर पडदा धरलाय... तू जाऊ नकोस, इथंच रहा." हे शेवटचं ती बाई प्रज्ञालाच म्हणत होती, आणि प्रज्ञा ते प्रामाणिकपणे डॉक्टरांना ऐकवत होती. मला त्या वेळी आपण कुठं आहोत हेच कळेनासं झालं. दौंड नाही, शिडी नाही. एक लांब काळी तार, तिच्या दोन टोकांना माणसं, आणि मधे कुठंतरी आम्ही.

मग फार वेळ कुणीच काही बोललं नाही.

माझ्याकडची अर्धी बाजू रिकामी होती, म्हणून मी मिलिंदच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो झडपेला नाक लावून उभा होता. कपाळावर आठी. ओठ घट्ट मिटलेले. माझ्या बायकोला पहिल्या वेळी आत नेलं होतं तेव्हा मी बाहेर असाच उभा होतो. आमचं ते बाळ रडलं नव्हतं. मी कुणाला हे सांगत नाही. त्या दिवशी शिडीवर ते आठवलं, न बोलावता आलं आणि माझ्याशेजारी उभं राहिलं.

मिलिंदची आठी गेली. त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं माझा दंड इतक्या जोरात धरला की शिडी हलली.

आणि आतून प्रज्ञाचा आवाज आला, कापरा, "कसं रडतंय? माझं बाळ कसं रडतंय?"

ह्यावर काय उत्तर देतात? मी कान टवकारले, पण उत्तर हातांचं होतं, मला ऐकू येणार नव्हतं. मिलिंद बघत होता. मग तो माझ्याकडं वळला, आणि त्या अरुंद जागेत, स्टुलावर तोल सांभाळत, बहिणीचे हात त्यानं मला करून दाखवले. दोन बारक्या मुठी छातीशी घट्ट आवळलेल्या. त्या थरथरल्या. मग तोंड वासलं, मान मागं गेली, आणि दोन्ही हात उघडून छतापर्यंत वर गेले, बाजूंना पसरले, भिंतींना लागतील असे. खाली आले, पुन्हा मुठी झाल्या, पुन्हा उसळले. चिडलेलं, तांबडंलाल, सगळ्या खोलीत न मावणारं रडणं. मला ते दिसलं, आणि ऐकूही आलं. माझा चष्मा धुरकट झाला.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. प्रज्ञा बाहेर आली, घामानं भिजलेली, आणि आम्हाला बघून जागच्या जागी थबकली. शिडीवर मी, स्टुलावर मिलिंद, मधे दोऱ्यानं गुंडाळलेला जोड.

"मामा! हे काय? पिन नव्हती बसवली?"

"बसवणार व्हतो," मी म्हणालो. "तू 'पण' ऐकून घेतलं न्हाईस."

ती मटकन जिन्याच्या पायरीवर बसली. गार झालेल्या चहाचा कप उचलून एका घोटात प्यायली. "मुलगी आहे," म्हणाली. "वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवतील चार दिवस. पण आहे. रडली." मग काहीतरी आठवून माझ्याकडं बघितलं. "पण तुम्हाला कसं कळलं? तुमचे डोळे बघा. रडणं तर माझ्या हेडफोनात होतं, तुम्हाला ऐकू येणं शक्यच नाही."

मी मिलिंदकडं बोट दाखवलं. "ह्यानं सांगितलं."

प्रज्ञानं ते त्याला हातांनी सांगितलं. मिलिंद क्षणभर माझ्याकडं बघत राहिला आणि मग हसला. मोठ्यानं, खळखळून, आपला आवाज किती वर चढलाय याचा पत्ता नसल्यासारखा. खाली दुकानात विजारीसाठी थांबलेलं गिऱ्हाईक जिन्यापर्यंत बघायला आलं, वर काय झालं म्हणून.